सिद्रामचा खड्डा

संघपालची थोरली लेक संघप्रिया हिचं लग्न ज्या वर्षी झालं, त्या वर्षीच्या मे महिन्यातली ही गोष्ट. लग्न रविवारचं होतं आणि वादळ झालं मंगळवारी संध्याकाळी.

त्या दिवशी सकाळपासूनच वारा पडला होता. सोलापूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक नसतं, पण त्या दिवशी कुत्रीसुद्धा गटारातून उठायला तयार नव्हती. केसरबाई दाराशी उखळ घेऊन लग्नासाठी शेंगाची चटणी कुटत बसली होती. शुक्रवार पेठेच्या मागच्या अंगाला त्यांचा बोळ. बोळ वरून खाली उतरत येतो आणि अगदी खालच्या टोकाला केसरबाईचं घर. दारापुढं मांडवाचे बांबू सकाळीच रोवून झाले होते, वर पांढरं कापड ताणलं होतं. त्या कापडाखाली खुर्ची टाकून तिचा नवरा सिद्राम बसला होता.

पाचच्या सुमाराला पश्चिमेकडं आभाळ आधी तांबडं झालं, मग काळं. सिद्रामनं नुसतं नाक वर केलं.

"केसर, उखळ आत घे."

"का? पाऊस आता कुटला?"

"आत घे म्हंतो ना."

तिनं उखळ उंबऱ्याच्या आत ओढलं न ओढलं तोच वावटळ आली. मांडवाचं कापड फाडकन सुटलं आणि बोळावरून उडत जाऊन चिंतामणी मास्तरांच्या तिसऱ्या मजल्यावर बसलं. पत्रे वाजायला लागले. मग गारा आल्या, सुपारीएवढ्या. त्यांच्या लेकानं, संघपालनं, बापाला खुर्चीसकट उचलून आत घेतलं. आणि बोळाच्या तोंडावरचा लिंब, ज्याच्या सावलीत तीन पिढ्या गोट्या खेळल्या, तो कडकडत डीपीवर आडवा झाला. निळा जाळ झाला, फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि सगळ्या बोळाचे पंखे हळूहळू फिरत फिरत थांबले.

अर्ध्या तासात सगळं शांत. पोरं तांब्यात गारा गोळा करत होती. लोक म्हणाले, येईल तासाभरात लाईट.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला. त्यानं लिंबाकडं बघितलं, डीपीकडं बघितलं, मग टोपी काढून डोकं खाजवलं. होटगी रोडला ओळीनं खांब झोपलेत म्हणाला. पाण्याच्या टाकीची आणि दवाखान्यांची लाईन आधी जोडणार, मग मोठे रस्ते, मग बोळ. "तुमच्या बोळात क्रेनसुद्धा शिरत न्हाय. चार दिस तरी धरून चाला."

चार दिवस! पिठाच्या गिरण्या बंद, फोन बंद, फ्रीजमधलं दूध फाटलं. मास्तरांच्या बायकोनं, गोदावरीबाईंनी, फ्रीजमधलं आईस्क्रीम विरघळायच्या आत बोळातल्या पोरांना वाटून टाकलं, त्यामुळं पोरांचं म्हणणं होतं की लाईट अशीच बंद राहावी. बायकांनी चादरी भिजवून दारांना टांगल्या. लोक भिंतींना पाठी लावून बाहेर बसले, आणि वर्षानुवर्षं एकमेकांशी नुसती मान हलवून बोलणारी माणसं तास तास गप्पा हाणायला लागली. ते सगळं बरंच होतं. पण केसरबाईच्या जिवाला घोर लागला तो बुधवारी दुपारी.

दुपारी नातेपुत्याहून व्याह्यांचा फोन आला. संघपाल एका शाळेत क्लार्क. शाळेतल्या एका शिक्षकाच्या गाडीत त्यानं फोन जरासा चार्ज करून आणला होता. व्याही माणूस सरळ होता, आवाजात कसलाही आडपडदा नव्हता.

"जय भीम, पाव्हणं. तुमच्याकडं लाईट न्हाय म्हणं. पाणी?"

"उद्या नळाची पाळी हाय," संघपाल म्हणाला.

"अवं, लाईट न्हाय तर मोटार कशी चालणार? चारशे माणूस उन्हात येणार. प्यायला पाणी, सैपाकाला पाणी, भांड्याला पाणी. आमच्याकडं विहीर हाय, हॉल हाय. लग्न हिकडं करू. वाईट वाटून घेऊ नका. उद्या सांजच्याला काय ते सांगा."

फोनचा आवाज मोठा होता. खुर्चीतल्या सिद्रामनं सगळं ऐकलं.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे लग्न बोळात, दारापुढं ठरलं होतं ते सिद्रामसाठी. तो रेल्वेत गँगमन होता, पुढं होटगीला मुकादम झाला. पस्तीस वर्षं रुळांवर चाललेला माणूस, पण दोन वर्षांपासून छातीनं धरलं होतं. दहा पावलं चालला की दम लागायचा. डॉक्टरनं सांगितलं होतं, जिना नको, प्रवास तर नकोच. नातेपुते म्हणजे तीन तासांची वाट. तिकडं लग्न म्हणजे सिद्रामशिवाय लग्न. आणि या माणसानं नातीच्या लग्नासाठी पांढरा सदरा शिवून घेतला होता. त्याची घडी तो रोज एकदा उघडून बघायचा आणि पुन्हा तशीच घालून ठेवायचा.

"करा की तिकडं," सिद्राम म्हणाला. "पोरीचं लग्न महत्त्वाचं. मी फोटू बघीन. केसर, पाणी दे."

केसरबाईनं तांब्या दिला. तिला त्याचं सगळं ठाऊक होतं. मनाविरुद्ध काही झालं की हा माणूस पाणी मागायचा आणि एकच घोट प्यायचा. त्यानं एकच घोट घेतला.

"तुमी काय बी बोलू नगा," ती म्हणाली. "लग्न दिवसाचं हाय, दिव्यावाचून अडत न्हाय. राहिलं पाणी. टँकरवाल्याला इचार रे संघपाल."

"इचारलं की. पुढच्या आठवड्यापर्यंत नाव काढू नगा म्हणतो."

संघप्रिया आतून आली. बी. एड. झालेली, तोंडानं फटकळ. "आबा नसतील तर मी पण लग्नाला येत नाही. सुबोधला सांगा दुसरी बघ म्हणून."

"गप गं," सिद्राम म्हणाला. पण तोंडावरची सुरकुती जरा हलली. मग तो बराच वेळ दारापुढच्या जमिनीकडं बघत राहिला. तिथं एक मोठी शहाबादी फरशी होती आणि फरशीवर संघपालची मोटरसायकल उभी होती.

"संघपाल," तो म्हणाला, "गाडी काढ तितनं."

"का, आण्णा?"

"फरशी उचलायची हाय. खड्डा उघडायचा."

संघपाल हसला. केसरबाईसुद्धा हसली असती, पण तिनं नवऱ्याच्या डोळ्यांकडं बघितलं आणि हसू गिळलं.

तो खड्डा सिद्रामनं खणला होता तेव्हा संघप्रिया रांगत होती. बोळात नळाची नवी लाईन पडली आणि कुणाच्याच तोटीला पाणी चढेना. तेव्हा सिद्रामनं रुळाची लेव्हल बघतात तशी पारदर्शक नळी पाण्यानं भरून बोळाचा उतार मापला, आणि आपल्या दारात छातीभर खोल खड्डा घेतला. आत चार दगडी पायऱ्या, तळाला तोटी. चिंतामणी मास्तर तेव्हा नोकरीत होते. रोज शाळेला जाता-येता वाकून बघायचे. "काय सिद्रामराव, सोन्याचा हंडा लागला का?" म्हणायचे. पण खड्ड्यात पाणी आलं, करंगळीएवढं का होईना, दर पाळीला आलं. मग एकेका घरानं मोटार बसवली. मास्तरांची तर दीड हॉर्सपॉवरची. पाळीच्या दिवशी पाणी सुटलं की मोटारी अशा ओढायच्या की खालच्या टोकाला थेंब येईना. शेवटी संघपालनंही अर्ध्या हॉर्सची मोटार आणली आणि खड्ड्यावर फरशी टाकली. त्याला आता सतरा-अठरा वर्षं झाली होती.

"आण्णा, त्या तोटीला पाणी येत न्हाय," संघपाल म्हणाला.

"का येत न्हाय?"

"का म्हणजे? मोटारी ओढतात."

"आन् उद्या मोटार कुणाची चालणार हाय?"

संघपालनं गाडीचं स्टँड काढलं.

"टाकीची लाईन वायरमननं आधी जोडलीया," सिद्राम सावकाश म्हणाला. एवढं बोललं की त्याला थांबावं लागायचं. "टाकी उंचावर. पाणी उताराला येतंय. त्याला लाईट कशाला पायजे? उचला फरशी."

दोन पहारी आणल्या. सिद्राम खुर्चीतून मुकादमी करत होता. "तिरकी धर. जोर मांडीवर दे, कंबर मोडशील. आं, आता वर!" फरशी कडेला झाली. खड्ड्यात एक मोडकी तीनचाकी, रंगाचे डबे, कूलरचं कुजलेलं गवत आणि एक म्हातारा बेडूक निघाला. संघप्रियानं ओढणी कमरेला खोचली आणि आत उतरली.

"अगं, नवरी ना तू?" केसरबाई ओरडली. "हळदीच्या आदी गाळ लावून घेतीस?"

"आज्जी, लग्न माझंय. गाळ पण माझाच."

गाळ काढून होईपर्यंत दिवस मावळला. बोळातले दोन-चार जण बघून गेले. चिंतामणी मास्तर चष्मा पुसत उभे राहिले, वाकून बघितलं, आणि "प्रयत्न करायला हरकत नाही" एवढंच म्हणून वर गेले.

गुरुवारी पहाटे पाणी सोडणारा चावीवाला येऊन वरच्या कोपऱ्यावर चावी फिरवून गेला, तेव्हा सगळा बोळ झोपलेला होता. एरवी पाळीच्या दिवशी चार वाजल्यापासून बादल्यांचा आवाज सुरू होतो. त्या दिवशी लाईट नाही म्हणजे पाणी नाही, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. जागे होते फक्त सिद्राम आणि केसरबाई. उजाडायला लागलं होतं. तो खुर्चीत, ती पहिल्या पायरीवर.

"अवं, न्हाय आलं तर?"

"न्हाय आलं तर फोटू बघायचा."

तेवढ्यात खड्ड्यातून फुस्स झालं. तोटी खोकली. एकदा खोकली, दोनदा खोकली, तांबडं पाणी थुंकली आणि मग हाताच्या मनगटाएवढी धार धाडकन तळावर आदळली. केसरबाईच्या लुगड्यावर शिंतोडे उडाले. एवढी धार तर खड्डा नवा होता तेव्हाही कधी आली नव्हती; तेव्हा वरच्या पेठांतल्या मोटारी ओढायच्या, आज त्याही बंद होत्या.

"आलं!" केसरबाईनं बोंब ठोकली. "अरं उठा! पाणी आलं!"

संघपाल धडपडत आला. मांडवाच्या कडेला लग्नाची आठ बॅरल उभी होती, ती त्यानं गडगडवत खड्ड्याजवळ आणली. पहिलं बॅरल अर्धं भरलं तोवर वरून माणसं यायला लागली. घागर, कळशी, बादली, कुकरचं भांडंसुद्धा. बनियन आणि पायजम्यात चिंतामणी मास्तर, दोन्ही हातांत दोन बादल्या. त्यांच्या तीन मजल्यांच्या घरात गच्चीवर मोठी टाकी होती, पण ती मोटारीवाचून कोरडी. बुधवारी दुपारपासून त्यांच्याकडं प्यायला तांब्याभर पाणी नव्हतं. सगळ्याच बोळात नव्हतं. मागच्या पाळीपासून पाचवा दिवस होता.

माणसं येऊन थांबली, पण पुढं कुणी झालं नाही. बॅरलांकडं बघून सगळ्यांना कळलं होतं की पाणी लग्नासाठी आहे.

"आई," संघपाल हळूच म्हणाला, "आदी आपली आठ भरू. मग ज्याला पायजे त्याला. तासाभरात पाणी जाईल. बॅरल न्हाय भरली तर संध्याकाळी व्याह्यांना काय सांगू? आण्णांचं काय?"

केसरबाईनं माणसांकडं बघितलं. तिच्या लहानपणी, अक्कलकोटच्या बाजूच्या एका खेड्यात, ती आईबरोबर विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राहायची. कुणी यायचं, कुणाला दया यायची, मग वरून पाणी ओतायचं. कधी दुपार व्हायची. घागर भरायची वाट बघत उभं राहणं काय असतं, ते तिच्या पायांना माहीत होतं. पण खुर्चीत बसलेला तो माणूस आणि त्याचा तो पांढरा सदरा, तेही तिला दिसत होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं.

सिद्राम म्हणाला, "हे पाणी आपलं न्हाय, केसर. सगळ्या बोळाचं हाय. मोटारी बंद हायत म्हणून आपल्या खड्ड्यात आलंय, एवढंच."

झालं. केसरबाईनं संघपालचं बॅरल पायानं बाजूला सारलं.

"ऐका गं बायांनो! आदी प्यायचं. घरटी दोन घागरी. मग आमची बॅरल. मग राहिलं तर कापडं धुवा न्हायतर म्हशी धुवा. पण एक हाय. हितं कुणी कुणाला वरनं पाणी ओतणार न्हाय. ज्यानं त्यानं खाली उतरायचं, आपल्या हातानं भरायचं."

"आन् गर्दी करायची न्हाय," सिद्राम म्हणाला. "संघप्रिये, माझी पेटी आण."

लोखंडी पेटीतून त्यानं दोन झेंड्या काढल्या, एक हिरवी, एक लाल. रिटायर होताना जमा करायच्या होत्या, त्या राहून गेल्या होत्या. कधीतरी कुणीतरी मागायला येईल या भीतीनं त्यानं त्या अठरा वर्षं लपवून ठेवल्या होत्या. आता तो खुर्चीत ताठ बसला आणि हिरवी झेंडी दाखवली. पहिली बाई खाली उतरली. ती वर आली की दुसरी. मध्ये कुणी घुसलं की लाल. बोळातली हसाहस सकाळच्या उन्हासारखी वर चढत गेली.

मास्तरांचा नंबर आला. लाल झेंडी वर झाली.

"का हो?" मास्तर दचकले.

"शिग्नल न्हाय अजून."

मास्तर दोन बादल्या घेऊन उभे. मग त्यांनी घसा खाकरला. "सिद्रामराव, या खड्ड्याला मी पूर्वी काही बोललो होतो, ते तुमच्या लक्षात आहे का हो?"

"समदं ध्यानात हाय. सोन्याचा हंडा."

"मग बरोबरच होतं की माझं," मास्तर म्हणाले. "लागलाच हंडा."

सिद्राम असा हसला की त्याला खोकला आला. खोकता खोकताच त्यानं हिरवी दाखवली. मास्तर पायजमा वर खोचून खाली उतरले आणि आयुष्यात पहिल्यांदा वाकून आपल्या हातानं बादली भरली.

त्यांच्या मागं गोदावरीबाई. कळशी पुढं करून म्हणाल्या, "केसरबाई, माझे गुडघे वाकत नाहीत. तुम्ही तेवढी भरून द्या ना."

"हात धरा माझा. उतरवते. पण भरायचं तुमी."

"अहो, असं काय करता?"

केसरबाई त्यांना एकेक पायरी धरून खाली घेऊन गेली. तळाशी गार पाणी घोट्याएवढं साचलं होतं. तिथं, धारेच्या आवाजात, केसरबाईनं त्यांना दोन वाक्यांत विहिरीचं सांगितलं. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. गोदावरीबाईंनी कळशी भरली, मग शेवटच्या पायरीवर बसल्या, पाय पाण्यात सोडले आणि बसूनच राहिल्या.

"बाई, गाडी किती येळ फलाटावर थांबणार?" वरून सिद्राम ओरडला.

"थांबू द्या! दोन दिवस घामानं शिजलेय मी!" गोदावरीबाई खालून ओरडल्या. "तुम्हाला काय, तुमच्या घरी महाबळेश्वर आहे!"

बोळातल्या सव्वीस घरांच्या दोन-दोन घागरी झाल्या. तास केव्हाच उलटून गेला होता. संघपाल एकसारखा घड्याळाकडं आणि तोटीकडं बघत होता. धार काही कमी होईना. एरवी सव्वीस मोटारींत वाटलं जाणारं पाणी त्या दिवशी एकाच उतारानं एकाच तोटीला येत होतं. बॅरल लागायला लागली. एक, दोन, तीन. बॅरल बदलायच्या मधल्या वेळात पोरांनी वरच्या मजल्यांपर्यंत रांग लावून बादल्या हातोहात पुढं दिल्या. सहा बॅरल भरली आणि धार बारीक झाली. सातवं अर्ध्यावर आलं, तोटीनं पुन्हा एकदा खोकून दाखवलं आणि पाणी गेलं.

"दीड कमी पडलं," संघपाल म्हणाला.

चिंतामणी मास्तर तिथंच उभे होते, पायजमा अजून खोचलेला. "आमच्याकडं दोन ड्रम आत्ताच भरून ठेवलेत. लग्नात आम्ही जेवायला येणार आहोत ना? मग पाणी काय नातेपुत्याहून आणणार आहात? फोन लावा व्याह्यांना. माझ्या गाडीत चार्ज करा तो."

संध्याकाळची वाटसुद्धा बघितली नाही. मास्तरांची गाडी चालू ठेवून, त्यात बसून संघपालनं फोन लावला. "पाणी हाय. साडेसहा बॅरल आमचं आन् दोन ड्रम शेजाऱ्याचं," तो म्हणाला. पलीकडून व्याही म्हणाले, "मोटार चालली व्हय?" संघपाल म्हणाला, "न्हाय. बापानं चालवली."

पुढचे दोन दिवस कसे गेले ते केसरबाईला कळलं नाही. उकाड्यानं घराघरातले आंबे एकदम पिकले होते, ते सगळे पाट्या भरभरून तिच्या दारात आले. मिक्सर नव्हते, म्हणून बोळातल्या बायकांनी हातानं रस पिळला आणि पोरांनी कोपरापर्यंत चाटला. गिरणी बंद होती, पण कडक भाकरी आठ दिवस आधीच भाजून डब्यांत रचलेली होती. मांडवाचं कापड मास्तरांच्या गच्चीवरून खाली आलं. गोदावरीबाईंनी ते स्वतः धुऊन दिलं, खड्ड्यातल्या पाण्यानं.

रविवारी सकाळी सिद्रामनं पांढरा सदरा घातला आणि पहिल्या रांगेत बसला. लाऊडस्पीकर नाही, बँड नाही, पंखे नाहीत. चारशे माणसं हातपंखे आणि पत्रिका हलवत बसली होती. बौद्धाचार्यांचा आवाज मागच्यांना ऐकू जावा म्हणून पोरंसुद्धा गप्प होती. संघप्रिया पांढऱ्या साडीत, शेजारी सुबोध. बौद्धाचार्यांनी त्रिशरण म्हटलं, पंचशील सुरू केलं. सगळा बोळ एका सुरात मागून म्हणत होता. केसरबाईला वाटलं, असं लग्न तिनं कधी ऐकलंच नव्हतं. तिनं आजवरची लग्नं फक्त बघितली होती.

तिसरं शील चाललं होतं आणि लाईट आली.

आता बोळातल्या प्रत्येक माणसानं एकच गोष्ट करून ठेवली होती. लाईट आल्याबरोबर कळावं म्हणून पाच दिवस बटणं चालूच ठेवली होती. एका क्षणात सव्वीस मोटारी कोरड्या गुरगुरल्या. टीव्ही ओरडले. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मिक्सर किंचाळला, कुणाच्या दाराची घंटा गाणं म्हणायला लागली. आणि सगळ्यांच्या वर मास्तरांची दीड हॉर्सपॉवर, रेल्वेचं इंजिन मांडवात शिरल्यासारखी.

बौद्धाचार्य थांबले. वऱ्हाडी वळून बघायला लागले. आणि पहिल्या रांगेतून सिद्रामनं खुर्चीच्या हातावर जोर देऊन उभं राहून लाल झेंडी वर केली.

झेंडी बघितल्याबरोबर बोळ उठून पळाला. सगळ्यात पुढं चिंतामणी मास्तर, धोतर हातात धरून. "बंद करा! बंद करा रे! लाल आहे, लाल!" एकेक मोटार गप्प झाली, एकेक टीव्ही. शेवटी ती घंटाही थांबली. माणसं धापा टाकत आपापल्या जागी येऊन बसली. बोळात इतकी शांतता झाली की खड्ड्यातला बेडूक ऐकू आला.

सिद्राम अजून उभाच होता. त्यानं मांडवभर नजर फिरवली, जशी गाडी येण्याआधी रुळावर फिरवायचा, आणि हिरवी झेंडी दाखवली.

बौद्धाचार्य तिसऱ्या शीलापासून पुढं निघाले. संघप्रिया हसू आवरत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. सुबोधनं तिच्या हातात रुमाल दिला. चारशे माणसं पोटभर जेवली, आमरस पुरून उरला, आणि पाणी दीड बॅरल शिल्लक राहिलं.

पाळीच्या दिवशी पहिला अर्धा तास कुणीही मोटार लावायची नाही, असं बोळानं त्या मांडवातच ठरवलं. दोन-तीन पाळ्या सगळ्यांनी ते नीट पाळलं. चौथ्या पाळीला वरून दीड हॉर्सपॉवरचा आवाज आला. सिद्रामनं खुर्चीतूनच लाल झेंडी दाखवली आणि गोदावरीबाईंनी जाऊन ती बंद केली. मोटरसायकल पुन्हा खड्ड्यावर उभी राहिली नाही. फरशी भिंतीला टेकवून ठेवली आणि खड्ड्याभोवती पोरं पडू नयेत म्हणून संघपालनं कठडा बांधला.

त्या उन्हाळ्यानंतर सिद्राम फारसा बाहेर बसला नाही, पण पाळीच्या सकाळी मात्र बसायचा. संघप्रिया दसऱ्याला माहेरी आली होती, तिनंही एकदा खाली उतरून घागर भरली. सिद्राम त्याच वर्षी, दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी, बुधवारी सकाळी वारला.